रात्री आठनंतर वायफाय का रखडतं? बडोद्याच्या पोळमधल्या लांब घरासाठी तपासणी आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक घरांतून एकाच शब्दांत येते. दुपारी नेट छान चालतं, पण रात्री आठ वाजले की मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो आणि कॉलवर आवाज तुटतो. राउटर बंद करून चालू केला की एखाद-दोन दिवस बरे जातात, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा या जुन्या भागांत हा त्रास जास्त होतो, त्याला घरांची ठेवणच कारण आहे. पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाटीची गल्लीवजा वस्ती. पोळमधलं घर समोरून अरुंद आणि आत लांबच लांब. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी एकामागोमाग एक, वर एक-दोन माड्या आणि त्यावर अगाशी. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. फायबर रस्त्याकडून येतं, म्हणून राउटर लागतो ओटीत, मीटरशेजारी. माणसं मात्र वावरतात माजघरात आणि माडीवर. त्यात प्रत्येक सामाईक भिंतीपलीकडे आणखी एक राउटर असतोच.

अशा घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केल्यानं किंवा आठ अँटेनांचा राउटर आणल्यानं त्रास जात नाही. बिघाड लाइनमध्ये आहे, हवेतल्या गर्दीत आहे की राउटरच्या जागेत, हे आधी ठरवायचं. ते ठरेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशानं आला ते कळतच नाही.

आधी लाइन की वायफाय, ते ठरवा

त्रास चालू असतानाच, म्हणजे रात्रीच, ही तपासणी करायची. लॅपटॉप किंवा संगणक लॅन केबलनं थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि वेग मोजा. दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं तीनदा मोजा. तारेवर पूर्ण वेग मिळत असेल, तर लाइन ठीक आहे आणि दोष घरातल्या हवेत आहे. तारेवरही वेग पडलेला असेल, तर वायफायची कितीही मशागत केली तरी उपयोग नाही.

वेगापेक्षा पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) जास्त बोलतं. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन खिडक्यांत दोन पिंग एकाच वेळी लावा: एक राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो), दुसरं ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या गुगलच्या सर्व्हरला. विंडोजवर आधी ping, मग पत्ता आणि त्यानंतर जागा सोडून उणे चिन्ह आणि टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. आता केबल काढा, लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन वायफायवर ठेवा आणि पाच मिनिटं आकडे पाहत राहा.

निरोगी वायफायवर राउटरच्या पिंगचे आकडे २, ३, ३, ५, २ मिलिसेकंद असे येतात. आजारी वायफायवर ३, ४, १८०, ४१०, मग एक ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, पुन्हा ६ असं दिसतं. हे उडते आकडे राउटरच्या खिडकीतच दिसत असतील, तर दोष तुमच्या आणि राउटरच्या मध्ये आहे. राउटरचं पिंग स्थिर आणि फक्त ८.८.८.८ चं उडत असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे, कंपनीकडे. संगणक नसेल तर पिंग करणारी मोफत अ‍ॅप फोनवर मिळतात.

लाइनचाच दोष निघाला, तर ओएनटीच्या पानावर (म्हणजे फायबर ज्या डबीत शिरतं तिच्या सेटिंगमध्ये) ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ या सदराखाली आरएक्स पॉवर, म्हणजे घरात पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. हा आकडा डीबीएममध्ये आणि उण्यात असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत. उणे २६-२७ म्हणजे कडेलोटावर: दिवसा चालेल, मध्येच तुटेल. त्याहून खाली गेला की लॉसचा लाल दिवा लागतो. बडोद्यात उत्तरायणानंतरच्या आठवड्यांत ही तपासणी आवर्जून करावी. १४ आणि १५ जानेवारीला खांबावरून घरावर आलेल्या फायबरला मांजा अडकतो, ओढला जातो, केबलचं वरचं आवरण कापलं जातं किंवा केबल कुठेतरी मुरगळते. फायबर तुटत नाही, पण प्रकाश गळायला लागतो आणि घरातले लोक वायफायला दोष देत बसतात. अगाशीवरून केबल नजरेखालून घाला: अडकलेला दोरा, तीव्र वळण, लोंबणारा भाग. दोरा ओढून काढू नका, कंपनीच्या माणसाला दाखवा. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर दोरी खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली असेल, तर ती मोकळी करून बशीएवढ्या वेटोळ्यात ठेवा. हिरव्या टोकाचा प्लग उगाच काढू-घालू नका, आणि काढलाच तर त्याच्या तोंडात डोळा घालून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझर आहे.

फायबरची पातळी चांगली आणि तरी रोज रात्री तारेवर वेग पडतो, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तीन-चार रात्रींचे तारेवरचे आकडे वेळेसह टिपून तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. ‘वायफाय हळू आहे’ अशा तक्रारीवर राउटर रिस्टार्ट करायलाच सांगतात. ‘तारेवर रात्री नऊला ३०० पैकी ४० मिळतात, आरएक्स उणे १९ आहे’ असं म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. डॉकेटवर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलाच्या यंत्रणेकडे जाता येतं.

रिस्टार्ट केल्यावर बरं का वाटतं

हे कळलं की निम्मा उलगडा होतो. बहुतेक राउटरमध्ये चॅनल (हवेतली ज्या पट्टीवर राउटर बोलतो ती) ‘ऑटो’वर असतो, आणि पुष्कळ राउटर ही निवड फक्त चालू होताना करतात. दुपारी लाइट जाऊन आली, त्या वेळी शेजारच्या घरांत वापर कमी, हवा मोकळी. राउटरनं जो चॅनल पकडला तो रात्री आठला खचाखच भरतो आणि राउटर तिथंच अडून बसतो. रात्री रिस्टार्ट केला की तो गर्दी पाहून दुसरीकडे जातो, मग बरं वाटतं. शेजारच्यांचे राउटरही असेच उड्या मारत असतात, म्हणून हा आराम टिकत नाही.

दुसरं कारण फोनचं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५. रिस्टार्टनंतर सगळी उपकरणं नव्यानं जोडली जातात आणि ओटीत असलेले फोन ५ गिगाहर्ट्‌झ पकडतात. फोन घेऊन माणूस मागच्या पडवीत गेला की फोन २.४ वर उतरतो, आणि परत ओटीत आला तरी बराच वेळ तिथंच रेंगाळतो.

हवेतली गर्दी मोजा आणि चॅनल पक्का करा

अँड्रॉइड फोनवर ‘वायफाय अ‍ॅनालायझर’ या प्रकारचं कोणतंही अ‍ॅप घ्या. आयफोनवर अशी अ‍ॅप चॅनल दाखवत नाहीत, पण अ‍ॅपलच्याच ‘एअरपोर्ट युटिलिटी’मध्ये, फोनच्या सेटिंगमधून वायफाय स्कॅनर चालू केला की चॅनल आणि आरएसएसआय (सिग्नलचा जोर) दिसतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. मोजणी रात्री नऊच्या सुमारास करा, दुपारची मोजणी फसवते. आणि जिथं त्रास होतो तिथं उभं राहून करा, राउटरपाशी नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये भारतात चॅनल १ ते १३ आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. दोन शेजारच्या चॅनलांच्या मध्यांत अंतर ५ मेगाहर्ट्‌झ, आणि प्रत्येक राउटर व्यापतो २०. त्यामुळे एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इथं बहुतेकांची एक चूक होते. अ‍ॅपमध्ये १, ६, ११ वर गर्दी दिसते, ३ आणि ४ मोकळे दिसतात, म्हणून राउटर ४ वर लावतात. हे सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आळीपाळीनं बोलतात, एका ओट्यावर बसलेली माणसं बोलतात तशी. चौथ्या चॅनलवरच्या राउटरला १ आणि ६ वरचं बोलणं नीट ओळखता येत नाही, तो नुसता गोंगाट असतो. मग पाठवलेलं खराब होतं, पुन्हा पाठवावं लागतं, आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनाही तुमचा तोच त्रास होतो. पाच नेटवर्क असलेला सहावा चॅनल, एकही नाव न दिसणाऱ्या चौथ्यापेक्षा चांगला.

तिघांतला कोणता निवडायचा हे नावांच्या संख्येवरून नाही, तर जोरावरून ठरवा. जोराचा आकडा उण्यात असतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. उणे ८५ चे दहा राउटर चालतील, उणे ५० चा एक शेजारी जास्त नडतो. निवडलेला चॅनल ‘ऑटो’ काढून हातानं भरा. त्याच पानावर ‘चॅनल विड्थ’ असते: २.४ साठी ती २० मेगाहर्ट्‌झ करा. ४० ठेवली तर अख्ख्या पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग एकटा राउटर अडवतो, आणि पोळमध्ये त्याचा फायदा कोणालाच मिळत नाही.

पोळमध्ये शेजाऱ्यांशी बोलून हे केलं तर उत्तमच. ओळीनं तीन घरं असतील तर १, ६, ११ असे वाटून घ्या आणि चौथ्या घरापासून पुन्हा १ पासून सुरू करा. समोरासमोरची घरंही एका चॅनलवर येणार नाहीत असं पाहा. सगळ्यांनी विड्थ २० केली आणि ‘ऑटो’ काढला की हे कायमचं बसतं. पाण्याच्या मोटरची वेळ पोळमध्ये ठरवून घेतात, तर हेही ठरवता येतं, आणि खर्च शून्य.

२.४ वर आणखी एक छोटी गोष्ट: ‘मोड’मध्ये बी/जी/एन असं मिश्रण असेल तर ‘बी’ काढून टाका. एखादं जुनं उपकरण १ किंवा २ मेगाबिटनं बोलत राहिलं, तर तेवढीच माहिती पाठवायला ते कितीतरी जास्त वेळ हवा अडवतं आणि बाकीचे ताटकळतात. बदलानंतर स्मार्ट बल्ब, प्लग, जुना प्रिंटर जोडलेले आहेत का तेवढं पाहा.

५ गिगाहर्ट्‌झवर जितकं नेता येईल तितकं न्या

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला, म्हणून आता इथं जागा भरपूर आहे. शिवाय हा सिग्नल जाड भिंतीतून कमी जातो, आणि पोळमध्ये हाच त्याचा मोठा गुण आहे: शेजाऱ्याचा गोंगाट त्याच्याच घरात राहतो. टीव्ही, लॅपटॉप, कामाचे फोन ५ वर, आणि बल्ब-प्लगसारख्या वस्तू २.४ वर, अशी वाटणी करा. २.४ आणि ५ यांची नावं वेगळी ठेवली तर कोण कुठं आहे ते हातात राहतं. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ चालू असेल तर आधी ते बंद करा, तरच दोन नावं देता येतात.

चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी घ्या, विड्थ ८०. दोन्हीकडे गर्दी असेल तर ४०. मधले ५२ ते १४४ रडारशी वाटून घेतलेले आहेत: राउटर आधी मिनिटभर ऐकतो, मग बोलतो, आणि रडारसारखं काही ऐकू आलं की चॅनल सोडून उठतो. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव अधूनमधून गायब होऊन मिनिटा-दोन मिनिटांत परत येत असेल, तर राउटर या मधल्या भागात गेला आहे का ते पाहा.

घरातच बसलेले अडथळे

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे बरोबर वायफायच्या मधोमध. दार कितीही चांगलं असलं तरी थोडं बाहेर झिरपतंच, आणि वायफायच्या मानानं ते थोडंही फार असतं. राउटरला पिंग लावून एक कप पाणी गरम करा. आकडे तेवढ्याच वेळात बिघडले तर चोर सापडला. स्वयंपाकघराजवळची उपकरणं ५ वर न्या. ते जमत नसेल तर २.४ साठी चॅनल १ घ्या, तो मायक्रोवेव्हपासून सगळ्यात लांब आहे.

राउटरच्या यूएसबी पोर्टला किंवा लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क हा असाच एक चोर, आणि कोणाच्या लक्षात न येणारा. तिच्या केबलमधून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. वायरलेस माउस अडखळतो, ब्लूटूथ तुटतं, वायफाय मंदावतं. डिस्क काढून पिंग पाहा. फरक पडला तर डिस्क मीटरभर लांब न्या किंवा राउटरच्या यूएसबी २ च्या पोर्टला लावा.

धातू आणि पाणी सिग्नल अडवतात. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा (मागचा लेप धातूचा असतो), माळ्यावरची पाण्याची टाकी, वर्षाच्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या. राउटर आणि माजघर यांच्या सरळ रेषेत कोठ्यांची रांग असेल तर मागे सावली पडणारच. कोठ्या हलवणं कठीण, राउटर अर्धा मीटर वर किंवा बाजूला घेणं सोपं.

जागा: इथंच खरा निकाल लागतो

चॅनल सुधारून रात्रीचा त्रास कमी होतो, पण मागच्या खोलीपर्यंत सिग्नल पोचतच नसेल तर चॅनल काय करणार? म्हणून फोनवर त्याच अ‍ॅपमध्ये खोल्याखोल्यांतून सिग्नल मोजा आणि कागदावर घराचा आडवा आराखडा काढून त्यावर लिहा. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६० चांगला, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७० नंतर कुरकुर सुरू, उणे ८० ला नाव दिसतं पण काम होत नाही. या मापात ३ नं घट म्हणजे ताकद निम्मी आणि १० नं घट म्हणजे दहावा हिस्सा. प्रत्येक जागी फोन अंगापासून दूर धरून अर्धा मिनिट थांबा. हातभर सरकलं तरी आकडा पाच-सातनं बदलतो, म्हणून तीन-चार आकड्यांचा मध्य धरा.

ओटीत राउटर असलेल्या लांब घरात उतार साधारण असा दिसतो: ओटीत उणे ४०, माजघरात उणे ५५ ते ६०, स्वयंपाकघरात उणे ७०, पडवीत उणे ८० च्या आसपास. ५ गिगाहर्ट्‌झवर हाच उतार आणखी तीव्र. चुन्यात बांधलेली हातभर जाड जुनी भिंत हा सगळ्यात मोठा अडसर, लाकडी पाटण त्यामानानं सौम्य. म्हणून पोळमधल्या घरात सिग्नल मागे जाण्यापेक्षा वर सहज जातो. नव्यानं ओतलेला काँक्रीटचा स्लॅब असेल तर उलटं, कारण त्यातली सळयांची जाळी वरची वाट बंद करते.

राउटर घराच्या लांबीच्या मध्यावर, म्हणजे बहुधा माजघरात किंवा जिन्याच्या तोंडाशी, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच आणि उघड्यावर हवा. टीव्हीच्या मागे नको, देवघराच्या पितळी भांड्यांच्या मागे नको, कपाटावर भिंतीला चिकटून नको. अँटेना उभी असली की सिग्नल आडवा पसरतो, तिच्या टोकाच्या दिशेनं तो सगळ्यात कमी असतो. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवा आणि माडीसाठी दुसरी आडवी करा.

‘ट्रान्समिट पॉवर’ वाढवणं किंवा जाड अँटेना लावणं याच्या मागे लागू नका. फोनची स्वतःची ताकद राउटरपेक्षा कमी असते. राउटरचा आवाज पडवीत पोचला आणि फोनला सगळ्या दांड्या दिसल्या, तरी फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. दांड्या भरलेल्या आणि नेट ठप्प, हा अनुभव बहुधा यातूनच येतो. फोनला चिकटवायचे स्टिकर आणि प्लगात घालायच्या स्वस्त ‘बूस्टर’ डब्या तर निव्वळ पैसे बुडवणं.

एक केबल मध्यापर्यंत

ओएनटी ओटीतच राहू द्या आणि तिथून माजघरापर्यंत एक कॅट ६ केबल (आठ तारांची लॅन केबल) ओढा. लांब घराला याच्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही, आणि ज्यांना रोज घरून काम करायचं आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हेच करावं.

केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, ‘सीसीए’ म्हणतात ती, स्वस्त मिळते. तिचे तुकडे हलके लागतात, वाकवली की आतून मोडतात आणि जोड सैल होतात. मार्ग दोरीनं मोजा, वळणं आणि चढ धरून, आणि वर दोन-तीन मीटर जास्त घ्या. सरळ अंतरापेक्षा केबल सहज बरीच जास्त लागते. एका केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे घरात ती चिंता नाही.

केबल विजेच्या वायरच्या पाइपमध्ये घालू नका. समांतर जायचंच असेल तर वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडताना काटकोनात ओलांडा. खिळ्याच्या क्लिपा हलक्या हातानं ठोका, केबल चेपली की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. अगाशीवरून उघड्यावर नेऊ नका: ऊन आवरण फोडतं आणि पावसाळ्यात विजेचा धोका.

प्लग लावताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा. प्लगची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आतपर्यंत जाऊ द्या, म्हणजे ओढ तारांवर येत नाही. लॅन टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागले पाहिजेत. केबल लावल्यावर वेग ९० ते ९५ वरच अडकत असेल तर चारपैकी एखादी जोडी तुटली आहे: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. बहुतेक वेळा एक प्लग कापून नव्यानं लावला की काम होतं.

आता माजघरात दुसरा राउटर. घरात पडलेला जुना, ५ गिगाहर्ट्‌झवाला असेल तर तोही चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा आणि मोकळे व्हा. नसेल तर हा क्रम पाळा. राउटर रीसेट करा, लॅपटॉप केबलनं त्याला जोडा, इंटरनेटची केबल अजून लावू नका. आधी त्याचा लॅन पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. नव्या पत्त्यावर पुन्हा आत जाऊन वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनल भरा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि आत जाणं अवघड होतं. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल याच्याही लॅन पोर्टमध्ये लावा, वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची केबल लागते तो) रिकामा ठेवा. वॅनमध्ये लावली तर नेट चाललं तरी घरात दोन वेगळी जाळी होतात: माडीवरचा फोन ओटीतला प्रिंटर किंवा टीव्ही शोधू शकत नाही. नवा पत्ता कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवा.

दोन्ही राउटरची नावं (२.४ चं २.४ सारखं, ५ चं ५ सारखं) आणि पासवर्ड तंतोतंत सारखे ठेवा, चॅनल वेगळे. ओटीत १ तर माजघरात ६ किंवा ११. ५ वर एकीकडे ३६, दुसरीकडे १४९. फोन जुन्या राउटरला चिकटून राहतो, मागे आला तरी सोडत नाही, असं झालं तर ओटीतल्या राउटरची ताकद ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा. दोघांच्या सीमेवर दोन्हींचा सिग्नल उणे ६५ ते ७० च्या दरम्यान आला की फोन वेळेवर हात बदलतो.

भाड्याच्या घरात केबल ओढता येत नसेल तर मेश संच (एकमेकांशी वायफायनं जोडलेल्या दोन-तीन डब्यांचा संच) घ्या, साधा रिपीटर नको. साधा रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मेशचा दुसरा डबाही जिथं सिग्नल मेला आहे तिथं ठेवतात, ही नेहमीची चूक. तो अर्ध्या वाटेवर, जिथं पहिल्याचा सिग्नल उणे ६० ते ६५ येतो तिथं हवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडच्या नव्या इमारतींत भिंती पातळ, पण वर-खाली, डावी-उजवीकडे शेजारी. तिथं २.४ कडून अपेक्षाच ठेवू नका, सगळं ५ वर चालवा. राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात किंवा लोखंडी वितरण पेटीत बंद असेल तर तो बाहेर काढा. बऱ्याच फ्लॅटमध्ये टीव्ही किंवा टेलिफोनसाठी रिकामे पाइप आधीच घातलेले असतात. त्यातून कॅट ६ ओढली की भिंत फोडावी लागत नाही.

उन्हाळा आणि अ‍ॅडॉप्टर

घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. बडोद्यात मे महिन्यात बाहेरचा पाराच त्याच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या माडीत किंवा बंद पेटीत तर विचारायलाच नको. दुपारी तीन ते सहा राउटर आपोआप रिस्टार्ट होतो आणि रात्री ठीक चालतो, असं दिसलं तर उष्णतेचा संशय घ्या. ओएनटीवर राउटर ठेवू नका. दोन्ही वेगवेगळे, पंख्याचा वारा लागेल असे लावा, आणि जाळ्यांतली धूळ मऊ ब्रशनं काढा.

संध्याकाळी सगळी उपकरणं जोडली की राउटर रिस्टार्ट होत असेल, तर अ‍ॅडॉप्टर पाहा. राउटरच्या तळाशी ‘१२ व्होल्ट, १.५ अँपिअर’ असं काही लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. बदललेला अ‍ॅडॉप्टर १ अँपिअरचा असेल तर शांत वेळी चालतो आणि भार आला की खचतो. लाइट गेल्यावरही नेट चालावं म्हणून छोटा डीसी यूपीएस (राउटरसाठीचा बॅटरीचा डबा) घेताना ओएनटी आणि राउटर दोघांचे अँपिअर बेरीज करून घ्या, आणि माजघरातल्या दुसऱ्या राउटरलाही वेगळा द्या.